चौदा इंचांचा फुटपाथ

घरापासून दुकानापर्यंत दोनशे बारा पावलं होती. टेलरबाईंना हा आकडा पाठ होता, कारण चार वर्षं त्या रोज सकाळी तेवढी पावलं चालून जायच्या, नवऱ्याच्या दुकानाचं शटर वर करायच्या, झाडू मारायच्या आणि शटर ओढून परत यायच्या. दुकान बंदच होतं. पण बंद दुकानात जळमटं धरली की ते मेलं, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या ते मरू द्यायला तयार नव्हत्या.

दुकान घड्याळदुरुस्तीचं. एक टेबल, एक झुकता दिवा, भिंतीवर बंद पडलेली पाच-सहा घड्याळं. नवरा तिथे सत्तावीस वर्षं बसला. लहानथोर सगळे त्याला घड्याळकाका म्हणत. मग काकांच्या मणक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण जाताना कमरेखालचं सगळं बरोबर घेऊन गेली. हात मात्र शाबूत राहिले. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरला तरी बोट हलत नव्हतं. काम बसून करायचं, दुकान तळमजल्यावर, घरही तळमजल्यावर. खरं म्हणजे काही अडायला नको होतं. अडलं ते मधल्या दोनशे बारा पावलांवर.

घरी काम करून पाहिलं, पण घर म्हणजे दीड खोली, आणि त्यातल्या अर्ध्या खोलीत बाईंचं शिलाई मशीन. घड्याळाला धूळ चालत नाही आणि शिंप्याच्या घरात हवेपेक्षा तंतू जास्त. दोन घड्याळं तंतू जाऊन अडली, तेव्हा काकांनी भिंग डब्यात ठेवून दिलं. लेकीने परदेशातून पाठवलेली व्हीलचेअर दाराआड घडी घालून उभी होती. तिच्या हातांवरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. ती न्यायची तरी कुठे? काका खिडकीपाशी पलंगावर बसायचे. पूर्वी बडबडा असलेला माणूस. हळूहळू त्यांचं बोलणं 'हो', 'नको' आणि 'किती वाजले' एवढ्यावर आलं. घड्याळवाल्याने दुसऱ्याला वेळ विचारायची, हे बाईंना ऐकवत नव्हतं.

मग लेकीचं बाळंतपण आलं. नवऱ्याला मागे ठेवून जाणं शक्यच नव्हतं, म्हणून दोघंही व्हीलचेअर बरोबर घेऊन लेकीकडे सहा महिन्यांसाठी परदेशी गेली. बाईंनी मनात ठरवलं होतं, इथल्या खिडकीत बसत होते, तिथल्या खिडकीत बसतील. फरक काय पडणार?

चौथ्या दिवशी बाई नातीला तेल लावून बाहेर आल्या तर खुर्ची नाही आणि काकाही नाहीत. त्यांनी घर डोक्यावर घेतलं. जावई म्हणाला, "आई, ते खाली गेलेत. लिफ्टने. मीच म्हटलं, जाऊन या."

"एकटे? आणि तुम्ही सोडलंत?"

"त्यांना कशाला कुणी सोडायला हवं?" जावई म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं की सासूबाई का ओरडतायत.

दीड तासाने काका आले. मांडीवर पाव, दुधाची बाटली आणि चेहऱ्यावर चोरी करून आलेल्या पोराचे भाव. मग त्यांचं तोंड सुरू झालं ते थांबेचना. फुटपाथ कोपऱ्यावर आला की आपोआप उतरतो, रस्त्याला टेकतो, पलीकडे पुन्हा चढतो. मी नुसता कडेला थांबलो तर गाड्या थांबल्या, अगं, माझ्यासाठी! बस आली ती एका अंगाला वाकली. गाय बसते तशी. ड्रायव्हर उतरला, फळी टाकली, मी आत. बसमधल्या कुणी 'च्च' केलं नाही, कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. "मी बघत होतो ना," काका म्हणाले. "घड्याळाकडे कोण बघतं ते माझ्या नजरेतून सुटत नाही."

त्यानंतर काका घरात टिकेनात. बसने दोन थांबे पुढे एका म्हाताऱ्या घड्याळजीचं दुकान त्यांनी हुडकून काढलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण घड्याळाचं पोट उघडल्यावर बोलायचं असतं किती? सहाव्या आठवड्यात त्या म्हाताऱ्याने त्यांच्या पुढ्यात एक जुनं खिशातलं घड्याळ सरकवलं आणि खुर्चीच्या उंचीला येईल असं एक टेबल त्यांच्यासाठी रिकामं करून दिलं. ते घड्याळ चालू झालं त्या दिवशी काका घरी आले आणि नातीला मांडीवर घेऊन तासभर गात होते. सूर यथातथाच होता. बाई स्वयंपाकघरात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या आणि त्याच वेळी त्यांना भयंकर राग येत होता. नवऱ्याचे पाय इथे येऊन बरे झाले नव्हते. पाय होते तसेच होते. मग चार वर्षं तो माणूस आजारी कशाने होता? चार वर्षं त्या देवाला दोष देत होत्या, मणक्याला देत होत्या, डॉक्टरला देत होत्या. आणि आजार सगळा दाराबाहेरच्या रस्त्यात होता!

लेकीच्या समोरच्या दारात ऐंशी वर्षांची एक आजी राहायची. तीही खुर्चीतली. एकदा चहाला आली तेव्हा बाई लेकीला म्हणाल्या, "हिला सांग, तुमचं नशीब थोर. तुमच्याकडे सगळं आधीपासूनच आहे."

लेकीने सांगितलं. आजी हसली, मग चांगली फणकारली. लेक तिचं बोलणं समजावून सांगू लागली, "आई, त्या म्हणतात, आधीपासून काही नव्हतं. त्या तिशीत असताना इथल्या बसलाही तीन उंच पायऱ्या होत्या. मग अठरा जण खुर्च्या घेऊन बसच्या पुढे रस्त्यात आडवे बसले. पोलिसांनी उचलून नेलं. सुटल्यावर पुन्हा जाऊन बसले. लोक शिव्या घालत होते, कामाला उशीर होतो म्हणून. सात वर्षं लागली म्हणतात."

बाईंनी आजीकडे नीट पाहिलं. सुरकुतलेली, कानात मोती घातलेली, कप धरताना हात थरथरणारी बाई. हिने बस अडवली होती.

सहा महिने संपले. परत आल्यावर पहिल्याच सकाळी काकांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट मागितला आणि म्हणाले, "चल, दुकानापर्यंत जाऊन बघू."

बाईंना नाही म्हणवलं नाही. दारातल्या दोन पायऱ्यांवर त्यांनी कपाटाची जुनी फळी टाकली आणि दोघं रस्त्यावर आली. फुटपाथ होता. नाही कशाला म्हणा? पण तो ओट्याएवढा उंच. त्यावर चढवायची खुर्ची कशी? आणि चढवली तरी पुढे विजेची पेटी, तिच्यापुढे ओळीने लावलेल्या मोटारसायकली, मग एक फरशी गायब, खाली काळं पाणी. म्हणून दोघं रस्त्याच्या कडेने निघाली. मागून हॉर्नवर हॉर्न. एक स्कूटरवाला तर मुद्दाम वेग कमी करून म्हणाला, "काका, या परिस्थितीत घरी बसावं ना आरामात!"

"तू बस की घरी!" बाई ओरडल्या. "तुझे पाय तर धड आहेत, तुला करमेल तरी!"

तो निघून गेला होता. बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या, आणि तेवढ्यात खुर्चीचं पुढचं छोटं चाक गटाराच्या जाळीत गेलं. जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने उभ्या होत्या. चाक बरोबर मापाने बसलं, जणू त्याच्यासाठीच ती फट कापली होती. खुर्ची जागच्या जागी थांबली आणि काका पुढे गेले, दोन्ही तळहातांवर.

लोक धावले, हे कबूल केलं पाहिजे. चौघांनी उचललं, एकाने पाणी दिलं. लागलं फार नव्हतं, तळहात सोलवटले होते आणि उजव्या अंगठ्याचं नख उलटलं होतं. काकांनी अंगठा डोळ्यांपुढे धरून हलवून पाहिला, जसं एखादं बिघडलेलं घड्याळ कानाशी धरून हलवतात तसं. मग म्हणाले, "घरी चल." घरी आल्यावर म्हणाले, "खुर्ची घडी घालून ठेव." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळचे साडेदहा वाजले होते.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी मशीनच्या खणातून टेप काढली, गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही घेतली आणि बाहेर पडल्या. ज्या पानावर खांदा, छाती, बाही लिहायची, तिथे त्यांनी लिहिलं: कोपरा, चौदा इंच. शाळेचं फाटक, साडेबारा. दवाखान्यासमोर, सोळा. दवाखान्यासमोर सोळा! त्या तिथेच फुटपाथवर बसल्या आणि पुन्हा मोजलं. सोळाच होते. पाय मोडलेल्या माणसाने आधी डोंगर चढावा आणि मग डॉक्टरला भेटावं, असा हिशेब कुणी केला असेल?

दुसऱ्या दिवशी त्या वॉर्ड ऑफिसात गेल्या. तळमजल्यावर एक पाटी होती: 'अपंग नागरिकांच्या तक्रारी: पहिला मजला, खोली क्रमांक नऊ.' लिफ्ट नव्हती. बाई पाटीसमोर क्षणभर उभ्या राहिल्या. हसावं की रडावं तेच कळेना. जिना चढून गेल्या. खोलीत रस्ते विभागाचा ज्युनियर इंजिनिअर बसला होता. चाळिशीच्या आतला, बोलायला नरम. त्याने वही पाहिली, पहिल्या दोन पानांवर कुणाच्या तरी ब्लाउजची मापं होती ती ओलांडली, आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही नुकत्याच परदेशातून आलात म्हणून जास्त जाणवतंय. ते प्रगत देश. आपली त्यांच्याशी बरोबरी कशी होणार? तेवढा पैसा कुठाय आपल्याकडे?"

"मला एक सांगा साहेब. तिथल्या सहा इंचांच्या फुटपाथला सिमेंट जास्त लागतं की इथल्या चौदा इंचांच्या?"

इंजिनिअरने वही मिटून बाईंपुढे सरकवली.

"नाही, मी अडाणी बाई, म्हणून विचारते. सहा इंच हा श्रीमंतांचा आणि चौदा इंच हा गरिबांचा, हे मला समजवा. आम्ही गरीब आहोत म्हणून जास्त माल घालून वाईट काम करतो का?"

पलीकडच्या टेबलावरचा कारकून खोकला की हसला ते कळलं नाही.

"तुमच्या नियमात किती लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

त्याने खाली बघत सांगितलं, "सहा."

"मग चौदा कसे झाले?"

"होतं असं की," तो म्हणाला, "दर चार-पाच वर्षांनी फुटपाथ नवा करायचं काम निघतं. जुना फोडायचा, राडारोडा उचलायचा तर वेळ जातो. कंत्राटदार जुन्यावरच नवा थर टाकतात. तुमच्या रस्त्यावर तीन थर आहेत."

"जुना झगा न उसवता त्यावर दुसरा शिवायचा, आणि त्यावर तिसरा," बाई म्हणाल्या. "माझ्याकडच्या गिऱ्हाइकाने असा कपडा माझ्या तोंडावर फेकला असता."

त्यांनी अर्ज दिला. मग दुसरा दिला. पुढचे चार महिने कागदी घोडे नाचत राहिले. दर सोमवारी शिलाईची कामं बाजूला ठेवून बाई जिना चढायच्या, आणि दर सोमवारी कुणी रजेवर, कुणी मीटिंगला, फाइल वर गेलेली, फाइल खाली आलेली. बाईंप्रमाणे फाइलही जिना चढू-उतरू शकत होती, यातच तिचं भाग्य. एकदा इंजिनिअर चिडून म्हणाला, "मावशी, सगळ्या शहरात एकटे काकाच आहेत का?"

"बाकीचे तुम्हाला दिसत नाहीत, कारण ते बाहेरच पडू शकत नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि दिसत नाहीत म्हणून तुम्ही काही करत नाही."

शेवटी एक दिवस कोपऱ्यावर सिमेंट, वाळू येऊन पडली. आठवड्यात उतार तयार झाला. मागोमाग निरोप आला, नगरसेवकांच्या हस्ते उद्घाटन आहे, सकाळी दहा वाजता, काकांना घेऊन या, पहिला मान त्यांचाच. काका नको म्हणत होते. बाईंनीच गळ घातली. पाच महिन्यांत पहिल्यांदा दाढी झाली.

कोपऱ्यावर फीत, खुर्च्या, लाउडस्पीकर, आणि उताराएवढीच मोठी नावाची पाटी. बाईंनी उतार पाहिला आणि त्यांचं तोंड कडू झालं. तो उतार नव्हता, घसरगुंडी होती. चौदा इंचांची उंची त्यांनी दोन-अडीच फुटांत संपवली होती. आणि वरच्या टोकाला, मोटारसायकली चढू नयेत म्हणून, दोन लोखंडी खांब ठोकले होते.

फीत कापली गेली. फोटोवाला पुढे आला. कुणीतरी म्हणालं, "चला, काकांना वर घ्या, फोटोपुरतं." चार दणकट माणसं आली आणि त्यांनी खुर्चीला चारी बाजूंनी हात घातला.

"हात काढा."

आवाज काकांचा होता. लाउडस्पीकरवाल्यानेही मान वळवली.

"मी सामान नाही," काका म्हणाले. "उचलायचं असेल तर उतार कशाला बांधलात? बाजूला व्हा. मी जातो."

त्यांनी चाकांना हात घातले. खुर्ची अर्ध्यावर गेली, थांबली आणि मागे घसरू लागली. बाईंनी पाठीने ती अडवली, जोर लावून वर रेटली. आणि वर खांब. खुर्ची दोन्ही बाजूंनी टणकन आपटली. बाईंनी कमरेला खोचलेली टेप काढली आणि सगळ्यांदेखत एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत लावली.

"वीस इंच," त्या मोठ्याने म्हणाल्या. "खुर्ची पंचवीस. साहेब, हा उतार कुणासाठी बांधलात? मांजरासाठी?"

गर्दीत कुणीतरी फसकन हसलं. नगरसेवकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "सूचना चांगली आहे, नोंद घेतली जाईल," ते म्हणाले आणि गाडीकडे वळले.

"तुमचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे," काका म्हणाले. ते काही टोमणा मारत नव्हते. त्यांना ते दिसलं, म्हणून सांगितलं.

नगरसेवक गेले, खुर्च्या गेल्या, लाउडस्पीकर गेला. इंजिनिअर तेवढा उरला. तो खांबांपाशी उभा होता. मग कुणी सांगितलं नसताना तो म्हणाला, "काका, तुम्हाला दोन मिनिटं कट्ट्यावर बसवलं तर चालेल? मी एकदा बसून बघतो."

काकांनी मान हलवली. बाईंनी आणि त्याने मिळून त्यांना कट्ट्यावर टेकवलं. इंजिनिअर खुर्चीत बसला, उताराच्या पायथ्याशी गेला आणि चाकं ढकलू लागला. धडधाकट माणूस, पण अर्ध्यावर त्याची मान लाल झाली आणि खुर्ची मागे सरली. बाईंनी ती धरली नाही. तो रस्त्याच्या मधोमध गेला आणि एका टेम्पोने कचकन ब्रेक मारून त्याला शिवी हासडली. तो तिथे तसाच बसून राहिला. उठून उभं राहायचं त्याला सुचलंच नाही.

"नकाशावर बरोबर होता," तो परत येऊन म्हणाला.

"नकाशावर तुम्ही तरी असता का?" बाईंचा राग उतरलेला नव्हता.

तीन आठवड्यांनी एक खांब निघाला. दोन महिन्यांनी मशीन आलं आणि कोपऱ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंतचे तिन्ही थर फुटले. तिथे आता खराखुरा सहा इंचांचा फुटपाथ आहे आणि दोन्ही टोकांना लांब, सौम्य उतार. इंजिनिअरने त्यासाठी वर कुणाशी काय भांडण केलं ते त्याने सांगितलं नाही, पण त्याची बदली झाली. नवा आला आहे. बाई त्याच्याकडेही सोमवारी जातात. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "मावशी, प्रगत देशांची गोष्ट वेगळी." बाईंनी त्याला सिमेंटचा प्रश्न विचारला.

म्हणजे दोनशे बारांतली नव्वद पावलं झाली. एकशे बावीस उरली. तिथे रस्त्यावरून जावं लागतं, आणि तेवढ्यापुरत्या बाई पुढे चालतात, एक हात आडवा करून. हॉर्न वाजतात. बाई वळूनही बघत नाहीत. दुकान आठवड्यातून चार-पाच दिवस उघडतं. काका आत गेले की दिवा वाकडा करून घेतात आणि गिऱ्हाइकाला अर्धा तास जुन्या गोष्टी सांगतात.

परवा लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, कशाला रोज जिवाला त्रास? बाबा इथे किती खूश होते. या ना दोघं, कायमचे."

बाईंना तो पाव, ती वाकलेली बस, ते गाणं, सगळं आठवलं. मोह नव्हता असं नाही.

"अगं, दवाखान्यापुढे अजून सोळाच इंच आहेत," त्या म्हणाल्या. "काल तिथे एक मुलगी आपल्या आईला पाठीवर घेऊन चढत होती. पाठीवर! तिला मी सांगितलंय, सोमवारी माझ्याबरोबर ये. आता तिला काय सांगू, मी चालले म्हणून?"

"आणि बाबा काय म्हणतात?"

"ते दुकानात आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांना विचारायचं तर तिकडे फोन कर. आणि हे बघ, फोन ठेवते मी आता. कोपऱ्यावर कुणीतरी केबल टाकायला नवाकोरा फुटपाथ खणायला घेतलाय. मला इथून आवाज येतोय."

आणि त्या चपला पायात सरकवून बाहेर पडल्या.